घरी चालून आलेले गिऱ्हाईक आणि जमिनीचा संचकार

बेळगाव शहरापासून पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या वाटेवर बेळगुंदी हे गाव आहे. महाराष्ट्राची हद्द आणि चंदगड तालुका येथून जवळच. भात, बटाटा, रताळी आणि माळावरील काजू ही या पट्ट्यातील नेहमीची पिके होत. खातेदारांच्या जमिनी लहान, बहुतेक सामाईक, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या कसणुकीतील आहेत. अशा गावांत अलीकडच्या काळात एक नवा पाहुणा वरचेवर दिसू लागला आहे. तो सुगी संपल्यावर, लग्नसराईच्या तोंडावर किंवा घरात कोणी आजारी असल्याची वार्ता लागल्यावर मोटारीतून येतो, सर्व्हे नंबर अगोदरच माहीत करून घेऊन येतो आणि ‘जमीन द्यायची आहे काय?’ असे विचारतो. घरच्या मंडळींनी जमीन विकावयास काढलेली नसते. कित्येकदा तसा विचारही त्यांच्या मनात आलेला नसतो.

अशा मागणीत गैर काही नाही. जमीन घेऊ इच्छिणाऱ्याने मालकाकडे विचारणा करणे हा व्यवहाराचा भाग आहे, आणि प्रत्येक गुंतवणूकदार लबाड असतो असे मानणे अन्यायाचे होईल. तथापि, न मागता आलेल्या मागणीत एक मूलभूत विषमता असते. विचारणाऱ्याने हिशेब पुरा करून ठेवलेला असतो, आणि ज्याला विचारले जाते त्याने तो मांडावयास सुरुवातही केलेली नसते. ही विषमता दूर होईपर्यंत होकारार्थी किंवा नकारार्थी कोणतेच उत्तर न देणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ठराविक भागांतील घरमालकांनी आपली नावे नोंदविल्यास दलालांना त्यांच्याकडे मागणी घेऊन जाण्यास मनाई करता येते. आपल्याकडे अशी सोय नाही. येथे खातेदाराची सावधगिरी हेच संरक्षण.

मागणी वाढण्याचे कारण

कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून अंमलात आलेल्या भूसुधारणा दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक केले. त्याच कायद्याच्या कलम ७९-अ, ७९-ब आणि ८० अन्वये बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावर कडक निर्बंध होते. शेतीखेरीज अन्य मार्गाने ठराविक मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्या इसमास शेतजमीन घेता येत नसे. ही मर्यादा २०१५ साली २५ लाख रुपये करण्यात आली. २०२० साली कलम ७९-अ, ७९-ब व ७९-क ही वगळण्यात आली व कलम ८० मध्ये बदल झाला. त्यामुळे पूर्वी जे गिऱ्हाईक कोणा शेतकऱ्याच्या नावाआड उभे राही, ते आता स्वतःच्या नावाने उघडपणे दारात येऊ शकते. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात मात्र १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम ६३ लागू असून बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ज्यांची शेते दोन्ही बाजूंना आहेत अशा घरांनी हा भेद ध्यानात ठेवावा. एकीकडचा अनुभव दुसरीकडे लागू पडत नाही.

दुसरे कारण सार्वजनिक कामांचे. बेळगाव शहराभोवतालच्या गावांतून वळणरस्त्याची योजना पुढे आली तेव्हा शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. रस्ता होवो अथवा न होवो, त्याच्या नुसत्या आखणीनेच भावाची चर्चा सुरू होते. अशा वेळी आलेल्या मागणीत खरेदीदाराला ठाऊक असलेली आणि मालकाला ठाऊक नसलेली एखादी गोष्ट असण्याचा संभव अधिक. शासनाने जमीन संपादन केल्यास २०१३ च्या कायद्यानुसार ग्रामीण भागातील बाजारमूल्यास एक ते दोन या दरम्यानच्या गुणकाने गुणून त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे. ही भरपाई हक्कदारास मिळते. जमीन आधीच विकून मोकळा झालेला खातेदार तीवर हक्क सांगू शकत नाही. यास्तव आपला सर्व्हे नंबर एखाद्या योजनेच्या अधिसूचनेत आहे किंवा नाही, याची चौकशी तहसील कचेरीत अगोदर करावी.

इसाराचा कागद

जमिनीचा व्यवहार खरेदीखताच्या दिवशी होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो पुष्कळदा त्यापूर्वीच, ओटीवर चहा घेताना होऊन गेलेला असतो. गिऱ्हाईक काही रक्कम पुढे करते आणि एका मुद्रांकावर सही मागते. या कागदास कोणी इसारपावती म्हणतात, कोणी सौदापत्र, कोणी साठेखत. बेळगाव भागात त्यास संचकारपत्र असेही म्हणतात. कन्नडमध्ये संचकार म्हणजे इसार. आणि त्याच भाषेत जिवाला संचकार येणे म्हणजे जिवावर बेतणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ योगायोगाने आले असतील, पण शेतकऱ्याने दोन्ही स्मरणात ठेवावेत.

या कागदाविषयी तीन गैरसमज प्रचलित आहेत. ‘नोंदणी झालेली नाही, तेव्हा कागद कच्चा आहे’ हा पहिला. जमिनीचा ताबा न देता केलेल्या सौदापत्राची नोंदणी झालेली नसली, तरी नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मधील परंतुकामुळे ते करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल होऊ शकते. मुद्रांक कमी पडला असेल तर दंड भरून तो पुरा करता येतो. दुसरा समज असा की, मन बदलल्यास घेतलेली रक्कम परत केली म्हणजे प्रकरण मिटते. पूर्वी करारपूर्तीचा हुकूम देणे न देणे बऱ्याच अंशी न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असे. विशिष्ट अनुतोष कायद्यात झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०१८ पासून अंमलात आल्यानंतर हा विवेकाधिकार पुष्कळच संकुचित झाला आहे. खरेदीदाराने आपली बाजू पाळली असेल आणि पैसे देण्याची त्याची तयारी असेल, तर इसार परत घेण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तो जमीनच मागू शकतो.

तिसरा समज मुदतीविषयीचा असून तोच सर्वांत घातक. ‘तारीख घातली नाही म्हणजे आपण मोकळे’ असे अनेकांना वाटते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तारीख ठरलेलीच नसेल तर ही तीन वर्षे मालकाने नकार दिल्याचे खरेदीदारास समजते तेव्हापासून मोजली जातात. म्हणजे बिनतारखेचा कागद मालकास मोकळा करीत नाही. उलट त्याचे बंधन लांबत जाते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमिनीचा भाव गुंठ्यास एक लाख रुपये ठरला. एकूण किंमत ८० लाख झाली आणि इसार मिळाला दोन लाख, म्हणजे शेकडा अडीच. मुदत ठरली दोन वर्षांची. या दोन वर्षांत मालकास ती जमीन दुसऱ्यास विकता येत नाही, तारण ठेवता येत नाही, तिच्यावर विहीर अगर घर काढण्याचे धाडस होत नाही. दरम्यान भाव गुंठ्यास एक लाख चाळीस हजारांवर गेला, तर ३२ लाखांची वाढ गुंतवणूकदाराच्या पदरात पडते. भाव उतरला तर तो खरेदी टाळतो. त्याचे फार तर दोन लाख जातात, आणि ते परत मिळविण्यासाठी तो तगादा लावतो तो निराळाच. पुष्कळ गुंतवणूकदारांना जमीन स्वतः घ्यावयाचीच नसते. ‘मी सांगेन त्याच्या नावे खरेदीखत करून द्यावे’ अशी एक ओळ कागदात असते, आणि मधल्या काळात ते चढ्या भावाचे दुसरे गिऱ्हाईक शोधतात. ही ओळ खोडावयास सांगितल्यावर समोरचा माणूस काय उत्तर देतो, यावरून त्याचा हेतू बराच उघड होतो.

तेव्हा विकावयाचेच ठरले असेल, तर इसार किमतीच्या मानाने भरीव असावा, मुदत थोड्या महिन्यांची असावी, आणि मुदतीत पूर्ण रक्कम न मिळाल्यास करार रद्द होऊन इसाराचे काय होईल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. बिनशेती परवान्यासाठी अर्ज मालकाच्या नावे करावयाचा असल्यास त्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि परवाना न मिळाल्यास पुढे काय, हेही त्यातच यावे. ताबा मात्र पूर्ण रक्कम मिळेपर्यंत देऊ नये. नुसते कुलमुखत्यारपत्र लिहून देणे तर सर्वथैव टाळावे. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. परंतु त्या कागदाच्या आधारे मुखत्याराने मालकाच्या वतीने केलेले दस्त निस्तरताना वर्षे जातात.

रोख रकमेचा मोहही सांभाळावा लागतो. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. दस्तात कमी किंमत दाखवून उरलेली रक्कम हातात देऊ, असे सांगणारे गिऱ्हाईक स्वतःचा मुद्रांक वाचवीत असते. उरलेली रक्कम पुढे बुडाली तर मालकाजवळ तिचा कागद नसतो. मुद्रांक खरा आहे किंवा कसे हे पाहणेही गैर नाही; देशभर गाजलेल्या बनावट मुद्रांक प्रकरणाचा सूत्रधार अब्दुल करीम तेलगी याच जिल्ह्यातील खानापूरचा होता.

भाव कसा पाहावा

शासनाचे मार्गदर्शक मूल्य हे मुद्रांक आकारणीसाठी असते. तो बाजारभाव नव्हे. गिऱ्हाईक ते दाखवून ‘सरकारी भावापेक्षा दीडपट देतो’ असे म्हणत असेल, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेजारच्या सर्व्हे नंबरांत अलीकडे कोणते दस्त झाले, हे नोंदणी कार्यालयाच्या बोजा दाखल्यावरून समजू शकते. पण दस्तातील किंमत कमी लिहिलेली असण्याचा संभव धरून चार ठिकाणी विचारावे. एक गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहणे न्यायाचे ठरेल. एक एकरातील सारी जागा भूखंड म्हणून विकता येत नाही. रस्ते, मोकळी जागा व सार्वजनिक सोयी वगळता निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र उरते, त्यात तीस बाय चाळीस फुटांचे सुमारे वीस भूखंड पडतात, आणि परवाने, रस्ते, गटारे यांचा खर्च करावा लागतो. वीस भूखंडांच्या विक्रीची बेरीज करून तेवढा भाव मागणारा शेतकरीही चुकतो.

पुण्याजवळ हडपसर येथील मगरपट्ट्याचे उदाहरण या संदर्भात अनेकदा दिले जाते. तेथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन बाहेरच्या विकासकास न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि २००० सालापासून वसाहत उभारली. जमिनीच्या प्रमाणात त्यांचा हिस्सा त्या कंपनीत राहिला. हा प्रयोग वाखाणण्याजोगा आहे खरा. परंतु तेथील जमिनी एकमेकींस लागून होत्या, शेतकरी बहुतांशी एकाच भावकीतले होते आणि पुण्यासारखे शहर वेशीवर होते. विखुरलेल्या तुकड्यांच्या गावी तसे घडून येईल अशी आशा दाखविणे योग्य नव्हे. मात्र शिवारातील चार-पाच लगतच्या खातेदारांनी एकमेकांस आलेल्या मागण्या परस्परांस सांगणे, एवढे तरी कोठेही शक्य आहे. गुंतवणूकदाराचा भर प्रत्येकाशी एकांतात बोलण्यावर असतो, तो उगाच नाही.

सामाईक जमीन आणि बहिणींचा हिस्सा

उताऱ्यावर एकाच भावाचे नाव असले म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची, असे होत नाही. कर्नाटकाने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. खरेदीदारास हे चांगले ठाऊक असते. प्रामाणिक खरेदीदार सर्व हिस्सेदारांच्या सह्या मागतो. दुसऱ्या प्रकारचा खरेदीदार निकडीत असलेला एकच भाऊ गाठून त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घेतो, आणि मग वाटपाचा दावा लावून उरलेल्यांना विक्रीस भाग पाडू पाहतो.

यावर कायद्यात एक उपाय आहे, पण त्याची माहिती फारच थोड्यांना असते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, वारशाने एकत्र आलेल्या मिळकतीतील आपला हिस्सा एखादा प्रथम वर्गाचा वारस विकू पाहत असेल, तर तो प्रथम विकत घेण्याचा हक्क इतर वारसांना आहे. शेतजमिनीसही हे कलम लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. किमतीबद्दल एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरवून देते. बहीण सासरी आहे म्हणून तिला कळवायचे राहून गेले, असे बऱ्याच घरांत होते आणि पुढे तीच बाब दाव्याचे मूळ ठरते. मागणी आली त्याच आठवड्यात बहिणींना कळविणे सर्वांच्याच हिताचे.

काही जमिनींवर विक्रीचे स्वतंत्र निर्बंध आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासनाने दिलेली जमीन १९७८ च्या कर्नाटक कायद्याप्रमाणे शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. तसा व्यवहार शून्यवत ठरतो. देवस्थान, इनाम आणि वनखात्याशी निगडित जमिनींबाबतही चौकशी करूनच बोलणी करावीत.

कागदाची भाषा

बेळगुंदीसारख्या गावांत घरी व शेतात बोलली जाते ती मराठी. उतारा, फेरफार आणि बहुधा खरेदीखतही असते कन्नड. हा प्रश्न भाषाभिमानाचा म्हणून येथे मांडलेला नाही. ज्या कागदाने जमीन जाते तो कागद जमीनवाल्यास वाचता येत नाही, ही व्यवहारातील सर्वांत मोठी उणीव आहे. नोंदणी कार्यालयात ती भरून निघेल असे समजू नये. दुय्यम निबंधक दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवितात आणि तो त्याने करून दिला असल्याचे कबूल आहे काय, हे विचारतात. भाव योग्य आहे की नाही, अटी जाचक आहेत की कसे, हे पाहणे त्यांच्या कक्षेत येत नाही.

गावात असा कागद वाचून घेण्यासाठी लोक प्रथम शाळेतील गुरुजींकडे येतात. ज्या शिक्षकांना कन्नड उत्तम अवगत आहे त्यांनी मजकूर शब्दशः समजावून द्यावा आणि कायद्याचा अर्थ सांगण्याचे वकिलावर सोपवावे. ज्यांना तो निश्चितपणे कळत नाही त्यांनी अंदाजाने सांगू नये. शाळेत कन्नड शिकलेली घरची मुले-मुली या कामी फार उपयोगी पडतात. सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, रक्कम, मुदत आणि ताबा या सहा बाबी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. गिऱ्हाइकाने आणलेल्या लेखनिकावर किंवा दलालावर वाचनाची जबाबदारी टाकणे इष्ट नाही. मसुदा दोन दिवस घरी ठेवावयास मागावा. तो द्यावयास जो तयार नाही त्याच्याशी सौदा न करणे बरे.

उताऱ्यातील रकाना ९ मध्ये मालकाचे नाव व क्षेत्र आणि रकाना ११ मध्ये कर्ज व इतर बोजे असतात. कृषी पत्तीन संघाचे जुने पीककर्ज फिटूनही बोजा तसाच राहिल्याची उदाहरणे आढळतात. तो आधी कमी करून घ्यावा, अन्यथा तेच निमित्त करून गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी भाव पाडते. सर्व्हे नंबराचा काही भागच विकावयाचा असल्यास मोजणी खात्याकडून ११-ई नकाशा करून घेणे आवश्यक आहे.

मूळ कागद, आधार पत्रिकेची प्रत अथवा भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त क्रमांक चौकशीच्या पायरीवर कोणासही देऊ नये. २०२३ साली कर्नाटकात दस्त नोंदविलेल्या काही लोकांच्या बोटांच्या ठशांचा दुरुपयोग होऊन बँक खात्यांतून पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आधारमधील ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय असून दस्त झाल्यानंतर तिचा वापर करता येतो.

सही आधीच झाली असल्यास

काही घरांत हा मजकूर वाचेपर्यंत इसार घेऊनही झाला असेल. त्यांनी कागदाची नक्कल प्रथम हस्तगत करावी. मालकाजवळ नक्कलच नसणे हे नेहमीचे आहे. त्यात मुदत असेल आणि ती उलटली असेल, तर वकिलामार्फत लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आल्याचे कळवावे व घेतलेली रक्कम करारातील अटीप्रमाणे धनादेशाने परत पाठवावी. तोंडी निरोपास किंमत नाही. मुदत शिल्लक असेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणे सुरू करू नये, कारण त्याने दोन दावे अंगावर येतात. वकिलाची फी परवडत नसल्यास १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्थापन झालेल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य साहाय्य मिळू शकते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बेळगावच्या जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. समोरचा इसम आपल्याला न कळविता मनाई हुकूम मिळवील अशी भीती असल्यास दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवावे, म्हणजे मालकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय सहसा हुकूम होत नाही. कॅव्हेटची मुदत नव्वद दिवसांची असते. ती संपली की नवा अर्ज द्यावा लागतो.